पोकळ फळी आणि एक स्क्रू



या मालिकेत आपण एरवी लढाया, मोहिमा आणि किल्ले यांच्याबद्दल बोलतो. आजचा विषय मात्र तुमच्या घरातल्या टेबलाचा आहे. नाराज होऊ नका, या टेबलाच्या पोटात दुसरं महायुद्ध दडलेलं आहे.

इंदूर असो, सुरत असो, बेळगाव असो की गुरुग्राम, घराघरात आता एक नव्या प्रकारचं टेबल आलं आहे. चपट्या खोक्यातून येतं, पाय आपणच बसवायचे, आणि एका हातानं उचललं जातं. फळी चांगली ५ सेंटिमीटर जाड दिसते. वर पुस्तकांचा ढीग ठेवा, काही होत नाही. मग एक दिवस कुणाला वाटतं की खालून एक ड्रॉवर लावावा, कडेला हूक लावावा किंवा कॉम्प्युटरच्या स्क्रीनसाठी स्टँड बसवावा. स्क्रू लावला जातो. दोन वेढे बरे बसतात आणि मग तो नुसताच फिरत राहतो. बोटांनी ओढला तरी बाहेर येतो, जणू कणकेत खिळा मारला होता.

लोक म्हणतात, फसवणूक झाली, आत पुठ्ठा आहे. आत पुठ्ठा आहे हे खरं. फसवणूक मात्र नाही. चाळीस पुस्तकं पेलणारी फळी एक स्क्रू का धरत नाही, या प्रश्नाचं उत्तर शोधताना मोठमोठ्या इंजिनियरांना घाम फुटलेला आहे आणि काही वैमानिकांचे प्राणही गेलेले आहेत. त्यातले काही आपल्याच देशाच्या आकाशात.

पोकळ म्हणजे दुबळं नव्हे

१६३८ साली गॅलिलिओचं शेवटचं मोठं पुस्तक प्रसिद्ध झालं. पदार्थांच्या मजबुतीवर त्यात सविस्तर विचार आहे. एक मुद्दा असा, की तेवढाच माल वापरून एक भरीव दांडा केला आणि एक पोकळ नळी केली, तर वाकण्याला नळी जास्त विरोध करते. दाखले त्यानं निसर्गातलेच दिले, पक्ष्यांची हाडं आणि बोरूसारख्या पोकळ काड्या.

आपल्याला हे सांगायला गॅलिलिओ लागत नाही, आपल्याकडे बांबू आहे. पण बांबूची परांची बांधणाऱ्या माणसाकडे नीट पाहा. तो बांबूला खिळा मारत नाही, कारण खिळ्यानं बांबू उभा चिरतो. तो काथ्यानं किंवा दोरीनं आवळून बांधतो. म्हणजे भार एका टोकावर न घेता बांबूच्या पूर्ण घेरावर पसरवतो. आणि जमेल तिथे गाठीजवळ बांधतो, कारण गाठीत बांबू भरीव असतो. आजच्या विषयाचे दोन्ही नियम यात आले: भार पसरवा, नाहीतर भरीव जागा शोधा. पुढचा सगळा इतिहास हे दोन नियम पुन्हा पुन्हा शिकण्याचा आहे.

आता फळीकडे येऊ. फळीवर वजन ठेवलं की ती किंचित वाकते. वरचा पृष्ठभाग दाबला जातो, खालचा ताणला जातो, आणि मधल्या भागाला फारसं काम उरत नाही. त्यानं फक्त वरच्या आणि खालच्या पत्र्याला एकमेकांपासून ठरावीक अंतरावर ठेवायचं आणि एकमेकांवरून घसरू द्यायचं नाही. म्हणून मधलं जड लाकूड काढून तिथे हलकं काहीतरी भरलं तरी चालतं. दोन पातळ पत्र्यांमधलं अंतर दुप्पट केलं, की फळीचा ताठपणा जवळपास चौपट होतो, आणि वजन मात्र जेमतेम वाढतं. इंजिनियर याला सँडविच रचना म्हणतात.

पण स्क्रूचं काम निराळं असतं. स्क्रू आपल्या आट्यांनी भोवतालचा माल घट्ट पकडतो. पकडायला माल हवा. आपल्या टेबलाचा पत्रा दोन-तीन मिलिमीटरचा, त्यात स्क्रूचे जेमतेम दोन आटे बसतात. त्यापुढे हवा.

सैन्यात हे फार लवकर कळतं. मॉर्टारला खाली जाड बेसप्लेट असते. गोळा सुटताना बसणारा दणका त्या पत्र्यानं जमिनीत पसरवला नाही, तर नळी चिखलात रुतत जाईल. रेतीत रुतलेल्या गाडीखाली जॅक लावायचा तर आधी फळी टाकावी लागते. जमीन तीच, वजन तेच. वजन किती आहे यापेक्षा ते कुठून आत शिरतं, हा प्रश्न मोठा.

कागदाचं पोळं आणि तागाची खुंटी

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या हाले शहरात हान्स हाइलब्रुन यानं षट्कोनी कागदी पोळं बनवण्याची युक्ती काढली. कागदांची थप्पी घ्यायची, प्रत्येक दोन कागदांमध्ये डिंकाच्या पट्ट्या मारायच्या, पण एका थरातल्या पट्ट्या पुढच्या थरातल्या पट्ट्यांच्या मधोमध येतील अशा. थप्पी वाळली की दोन्ही बाजूंनी ओढायची. ती उघडते आणि मधमाशीच्या पोळ्यासारखी घरं तयार होतात. वाढदिवसाला आपण जे कागदी गोळे उघडून टांगतो, ते याच युक्तीचे. त्या काळी तिचा उपयोगही मुख्यतः शोभेसाठीच होता. १९१५ साली विमानं बनवणाऱ्या ह्यूगो युंकर्स यानं अशा पोळ्यासारख्या गाभ्याचा विमानासाठी वापर करण्याचं पेटंट घेतलं. पण पत्रा आणि पोळं यांना विश्वासानं धरून ठेवेल असा गोंद तेव्हा हाताशी नव्हता.

त्याच सुमाराला लंडनमध्ये दुसऱ्या टोकानं हाच प्रश्न सुटत होता. जॉन रॉलिंग्ज या कंत्राटदाराला ब्रिटिश म्युझियमच्या भिंतींवर विजेची उपकरणं बसवायची होती. भिंतींची मोडतोड चालणार नव्हती. त्यानं तागाच्या धाग्याची छोटी खुंटी बनवली. भोकात खुंटी, खुंटीत स्क्रू. स्क्रू आत जाताना ताग फुगतो आणि भोकाच्या कडांना सगळीकडून दाबून धरतो. १९११ साली त्यानं पेटंट घेतलं. आपण आजही ज्याला रावल प्लग म्हणतो, ते नाव याच रॉलिंग्जचं. आणि त्या काळात जगाचा ताग जवळपास सगळा बंगालमधून जात होता, हेही लक्षात ठेवा. १९५८ साली जर्मनीच्या आर्टुर फिशर यानं तीच कल्पना नायलॉनमध्ये आणली.

पण ही खुंटी भरीव भिंतीसाठी आहे. पोकळ फळीत ती फुगते आणि फुगून हवेला दाबते. हार्डवेअरच्या दुकानातून रावल प्लग आणून टेबलात ठोकणारे निराश होतात, ते याच कारणानं.

लाकडी विमान

आता युद्धाकडे. २५ नोव्हेंबर १९४० रोजी इंग्लंडमधल्या हॅटफील्ड इथे डी हॅविलंड कंपनीचं मॉस्किटो विमान प्रथम उडालं. ॲल्युमिनियमची टंचाई होती, आणि धातूच्या विमानांच्या जमान्यात हे विमान लाकडाचं होतं. दोन माणसं, दोन इंजिनं, आणि सुरुवातीच्या काळात पाठलाग करणाऱ्या बहुतेक शत्रू विमानांना मागे टाकणारा वेग. एकूण ७,७८१ मॉस्किटो बनली. भाग बनवणाऱ्यांमध्ये हाय विकमसारख्या गावांतले फर्निचरचे कारखाने होते. कालपर्यंत खुर्च्या करणारे कारागीर बॉम्बफेकी विमान बनवू लागले.

या विमानाचं धड म्हणजे आपलं टेबलच समजा. बाहेर बर्च लाकडाचा पातळ प्लायवूड, आत तसाच प्लायवूड, आणि मध्ये इक्वेडोरहून आणलेलं बाल्सा. बाल्सा इतकं मऊ की नखानं खड्डा पडतो. सगळी मिळून भिंत सुमारे दीड सेंटिमीटर जाडीची. धड शेंगेसारखं उभ्या दोन अर्ध्यांत बनवायचे, तारा, नळ्या, उपकरणं आतून बसवायची आणि मग दोन्ही अर्धे चिकटवायचे.

पण विमानाला पंख जोडायचे असतात, शेपूट जोडायची असते, दारं आणि खिडक्या कापायच्या असतात. बाल्सात बोल्ट घातला तर तो लोण्यात सुरी गेल्यासारखा सरकेल. म्हणून आराखडा काढणाऱ्यांनी आधीच ठरवलं की कुठे काय जोडलं जाणार आहे. तेवढ्या जागी बाल्सा काढून स्प्रूससारखं मजबूत लाकूड भरलं. बांबूची गाठ जिथे हवी तिथे आपणच तयार केली म्हणा ना. आज तुमच्या टेबलाच्या चारही कोपऱ्यांत पायांसाठी जो भरीव ठोकळा असतो, तो याच विचाराचा वारस आहे.

पावसाळ्यावर आळ

या रचनेचा प्राण गोंदात होता. सुरुवातीची विमानं केसीनवर जोडलेली होती. केसीन म्हणजे दुधातलं प्रथिन. ओलाव्यात ते कमजोर पडतं, त्यावर बुरशी येते. पुढे युरिया-फॉर्मल्डिहाइडचे कृत्रिम गोंद आले. त्यातला एरोलाइट हा डक्सफर्डच्या एरो रिसर्च लिमिटेडचा. नॉर्मन डी ब्रॉइन या शास्त्रज्ञानं ही कंपनी १९३४ साली काढली होती. पत्रा आणि पोळं चिकटवून रचना उभी करण्याच्या कामातही तो अग्रभागी होता.

मॉस्किटो भारत आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आलं. १९४४ च्या अखेरीस इथे एकामागून एक अपघात झाले. पंखाची वरची कातडी मुख्य तुळईपासून सुटत असल्याचं दिसलं. विमानं तपासणीसाठी जमिनीवर उभी करण्यात आली. मेजर हेरवर्ड डी हॅविलंड, म्हणजे कंपनीच्या संस्थापकाचेच बंधू, पथक घेऊन भारतात आले. डिसेंबरमध्ये त्यांचा अहवाल आला. त्याचा आशय असा, की दोष गोंदाचा नाही, पावसाळी हवेत लाकूड आकसलं म्हणून हे घडलं.

इथे थांबून विचार करा. सैन्यात कोर्ट ऑफ इन्क्वायरीत बसलेला माणूस एक साधा प्रश्न विचारायला शिकतो: तुम्ही सांगता ते कारण जिथे नाही, तिथेही हा दोष दिसतो का? इंग्लंडमध्ये पुढच्या तपासात नेमकं हेच पाहिलं गेलं. ज्या विमानांनी भारताचा पाऊस कधी पाहिला नव्हता, त्यांतही तसेच दोष सापडले. निष्कर्ष निघाला की काही कारखान्यांत चिकटवण्याचं कामच कमी दर्जाचं झालं होतं. तरी अधिकृत भूमिका बराच काळ ‘मुख्यतः हवामान’ अशीच राहिली. विमानावरचा वैमानिकांचा विश्वास उडू नये, ही त्यामागची चिंता. दुरुस्ती म्हणून पंखाच्या सांध्यावर लांबीभर प्लायवूडची पट्टी लावून पाणी शिरण्याची वाट बंद करण्यात आली.

युद्धकाळातली ती अडचण मी समजू शकतो. पण जी माणसं त्या विमानांत बसली, त्यांना खरं कारण कळण्याचा हक्क होता. हवेला दोष दिला की कुणाला शिक्षा होत नाही, आणि कारखान्यात काम सुधारण्याची घाईही कुणाला राहत नाही. धडा असा, की ही रचना फळी मध्यावर मोडल्यानं फसली नाही. ती फसली जोडावर. पोकळ आणि हलक्या रचनेत जोड म्हणजेच सगळं.

चंद्रापासून दारापर्यंत

युद्धानंतर पोळ्याचा गाभा ॲल्युमिनियमचा झाला आणि गोंद इपॉक्सीचा. १९६९ साली माणूस चंद्रावर उतरला तेव्हा त्या यानाच्या पायांत ॲल्युमिनियमचं पोळं होतं, आणि ते मुद्दाम चिरडण्यासाठी ठेवलेलं होतं. उतरतानाचा धक्का चिरडत जाणारं पोळं गिळणार होतं. आपल्या टेबलात स्क्रू आवळताना फळी दबते, तोच हा गुण, फक्त योग्य जागी वापरलेला. आपल्या इस्रोचे उपग्रहही अशाच ॲल्युमिनियम पोळ्याच्या फळ्यांनी बांधले जातात.

त्या फळ्यांवर उपकरणं कशी बसवतात? फळीला भोक पाडतात. त्यात आतून आटे पाडलेली धातूची छोटी पुंगळी ठेवतात आणि पुंगळीभोवतीच्या घरांमध्ये इपॉक्सी भरतात. इपॉक्सी घट्ट झाली की पुंगळीभोवती एक भरीव गोळा तयार होतो. तो वरच्या पत्र्याला, पोळ्याच्या भिंतींना आणि जमल्यास खालच्या पत्र्यालाही पकडून बसतो. पुन्हा तीच बांबूची गाठ, या वेळी नंतर ओतून केलेली.

घरात ही फळी आली ती दाराच्या वाटेनं. फ्लश दार तुम्हाला माहीत आहे. आपल्या भारतीय मानकांत भरीव गाभ्याच्या दारांसाठी आयएस २२०२ आणि पोकळ गाभ्याच्या दारांसाठी आयएस २१९१ अशी वेगळी मानकं आहेत. पोकळ दारात कुलूप बसायच्या जागी लाकडाचा ठोकळा भरलेला असतो. म्हणून जुना सुतार दार लावण्यापूर्वी टकटक करून ठोकळा कोणत्या बाजूला आहे ते पाहतो. दार उलटं बसलं तर कुलूप पुठ्ठ्यात जातं.

स्वीडनच्या इकिया कंपनीनं दारांच्या धंद्यातली हीच पद्धत टेबलासाठी उचलली आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस लॅक नावाचं टेबल आणलं. बाजूनं चौकट, मध्ये कागदी पोळं, वरखाली पातळ फायबरबोर्ड. छोट्या टेबलाची फळी ५५ सेंटिमीटर चौरस. ९ ऑगस्ट २०१८ रोजी इकियाचं भारतातलं पहिलं दुकान हैदराबादला उघडलं. तोवर आपल्याकडच्या इतर फर्निचरमध्येही ही रचना सर्रास दिसू लागली होती. वर्तुळ कसं पूर्ण झालं पाहा. फर्निचरवाल्यांनी विमान बनवलं आणि विमानातली ती युक्ती फर्निचरात येऊन बसली.

आता तुमच्या टेबलाकडे

इतिहास उपयोगी पडला पाहिजे, म्हणून कामाचं सांगतो.

पहिलं काम टेहळणीचं. बोटाच्या पेरानं फळी ठोकत जा. कडेला आणि कोपऱ्यात आवाज बद्द येईल, मध्ये पोकळ. बद्द आवाजाच्या जागी चौकट किंवा ठोकळा आहे. ड्रॉवर, हूक, पट्टी जे काही असेल ते शक्यतो तिथेच न्या. आधी बारीक भोक पाडा आणि मग स्क्रू घाला, नाहीतर चौकटीचा भुसा फुटतो.

हलकी वस्तू मध्येच हवी असेल, समजा वायर धरणारी क्लिप, तर स्क्रू नकोच. चिकटपट्टी किंवा गोंद वापरा. चिकटवलेला रुंद तुकडा भार पत्र्यावर पसरवतो. परांचीची दोरी तेच करते.

मध्यम भारासाठी उपग्रहाची पद्धत. खालच्या पत्र्यालाच भोक पाडा, वरचा पत्रा शाबूत ठेवा. वाकवलेली तार आत घालून भोकाभोवतीचं दोन-अडीच सेंटिमीटर पोळं मोडा. इपॉक्सीत लाकडाचा बारीक भुसा कालवून तिथे भरा, आट्यांची पुंगळी बसवा, आणि पूर्ण दिवस हात लावू नका. अराल्डाइट तुमच्या घरात असेलच. त्या नावातली ए, आर, एल ही अक्षरं डी ब्रॉइनच्या एरो रिसर्च लिमिटेडची आहेत. मॉस्किटोच्या गोंदाचं घराणं तुमच्या ड्रॉवरमध्ये पडून आहे.

जड वस्तूसाठी, म्हणजे स्क्रीनच्या लांब हातासाठी, बेसप्लेटची पद्धत. फळीच्या वर आणि खाली तळहाताएवढा प्लायवूडचा किंवा लोखंडी पट्टीचा तुकडा द्या आणि मग शिकंजा आवळा. आरपार बोल्ट घालायचा असेल तर बोल्टवर फळीच्या जाडीएवढी नळी चढवा, म्हणजे नट आवळताना ताण नळी घेईल आणि पोळं चिरडणार नाही. आत गेल्यावर पंख उघडणारे बोल्टही मिळतात. पण ते एकाच पातळ पत्र्यावर लटकतात, हे विसरू नका.

आणि टेबल ओढू नका, उचला. पाय सुमारे ४० सेंटिमीटर लांब आणि ५ सेंटिमीटर जाड, बोल्ट त्याच्या मधोमध. पायाच्या तळाशी फक्त ५ किलोचा आडवा अडथळा आला, तरी तो पाय तरफ बनतो आणि वरच्या बोल्टवर सुमारे ८० किलोची ओढ येते. हलकं टेबल ओढायला सोपं वाटतं, म्हणूनच त्याचे पाय डुगडुगू लागतात.

शेवटचं, वाइस, ग्राइंडर किंवा लहान मुलं लोंबकळतील असं काहीही या फळीला लावू नका. त्यासाठी भरीव लाकूडच घ्या. हलक्या वस्तूचा मान तिच्या कामात आहे. तिला न जमणारं काम सांगायचं आणि मग पुठ्ठा म्हणून हिणवायचं, हा न्याय नव्हे.

१९४४ साली दोष पावसाळ्यावर ढकलला गेला. आपल्या घरात आपण तो पुठ्ठ्यावर ढकलतो. दोन्ही वेळा पाहायची जागा एकच होती, जोड. पुढच्या वेळी काही निसटलं, तुटलं, कोसळलं, तर आधी तिथे बघा.

जय हिंद. भेटू पुढच्या भागात.